प्लॅस्टिकचं तेल काढणाऱ्या बाई

बाई माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांनी माझा नवा रेनकोट जाळला.

अख्खा नाही, खालचा कोपराच. पण तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हतो. नाशकातल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. टाक्या, चिमण्या, जिने, पाइप, लोखंडाचं जे असेल ते आम्ही करतो. त्या दिवशी मी एका टाकीच्या आत बसून वेल्डिंग करत होतो. स्कूटर थांबल्याचा आवाज आला म्हणून डोकं बाहेर काढलं, तर साठीच्या आसपासच्या एक बाई आत येत होत्या. सुती साडी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही. दाराशी खिळ्याला टांगलेला रेनकोट दोन बोटांत धरून पाहिला, पिशवीतून तांब्याची तार आणि लायटर काढला, तार लालभडक तापवली आणि रेनकोटच्या कडेला टेकवली. चर्र झालं. मग तीच तार परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली.

"पीव्हीसी," त्या म्हणाल्या. "माझ्या कामाचा नाही."

"बाई, पण माझ्या कामाचा होता ना तो," मी टाकीतूनच म्हणालो.

"उद्या दुसरा आणून देते. पण हा फेकाल तेव्हा जाळू नका. हिरवी ज्योत म्हणजे आत क्लोरीन. जळाला की त्याचं आम्ल होतं आणि ते माणसाच्या छातीत जातं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच नवा रेनकोट आणून दिला. पण पहिल्या दिवशी मी नुसता बघत राहिलो होतो. पुढे अकरा वर्षं मी त्यांच्याकडे असाच बघत राहिलो. दर थोड्या दिवसांनी त्या असं काहीतरी करायच्या की मी हातातलं काम विसरायचो. बाई जाऊन आता दीड वर्ष होईल, पण तो धक्का बसायचा काही थांबलेला नाही. आता तो आठवणींतून बसतो.

त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गंगापूर रोडला एका बैठ्या बंगल्यात नवऱ्याबरोबर राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. मला त्या मिस्त्री म्हणायच्या. माझं नाव त्यांना माहीतच नसावं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

त्यांना माझ्याकडून एक हवाबंद भांडं करून हवं होतं. कशाला, ते त्यांनी टाकीच्या कडेवर कोपर टेकून मला समजावलं. प्लॅस्टिक खनिज तेलापासूनच बनतं. हवा लागू न देता ते खूप तापवलं की वितळतं, त्याची वाफ होते, आणि ती वाफ थंड केली की परत तेल मिळतं.

"हवा आत गेली तर?" मी विचारलं.

"तर आपण दोघं वर जाऊ. म्हणून तर चांगला वेल्डर शोधतेय. तुमच्या गेटपाशी ठेवलेल्या त्या जिन्याचे जोड बघितले. माशाच्या खवल्यांसारखे एकसारखे पडलेत. हातावर ताबा असलेल्या माणसाशिवाय असं पडत नाही."

माझे अब्बा मनमाडला रेल्वेत फिटर होते. वेल्डिंग मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांनीसुद्धा कधी माझ्या कामाकडे इतकं बारकाईनं बघून शाबासकी दिली नव्हती. मी भांडं करून दिलं. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठी करून दिलं.

पहिल्या खेपेला आम्ही वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत दुधाच्या पिशव्या घालून ते तापवलं. बाहेर तेल आलंच नाही. मेणासारखं पांढरं, घट्ट काहीतरी निघालं आणि पाइपातच गोठून बसलं. मला वाटलं, बाई आता रडतील. त्या टाळ्या वाजवत होत्या!

"साखळी तुटली, मिस्त्री! तुटली, पण मोठे मोठे तुकडे झाले. आता बारीक तुकडे करायचे."

"म्हणजे अजून तापवायचं?"

"नाही. जाड पत्रा तोडायचा असला की तुम्ही काय करता? नुसते हातोडे मारत बसता?"

"नाही. आधी खाच मारतो. मग तो खाचेवर तुटतो. जोर कमी लागतो."

"बस. ती खाच मारणारा कुणीतरी आत सोडायचा. त्याला उत्प्रेरक म्हणतात. तो स्वतः खर्च होत नाही, फक्त कुठे तोडायचं ते दाखवतो. आणि मिस्त्री, तो आपल्या नाशकातच जमिनीत पडलाय."

नाशकातल्या काळ्या खडकांच्या पोकळ्यांत स्फटिक सापडतात, हे मला तोवर माहीत होतं ते एवढंच की विहिरी खणणारे आणि खाणीतले लोक ते विकतात आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत ते जातात. गुलाबी, पांढरे, मोरपिशी. त्यातल्या काही दगडांच्या आत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, एकाला लागून एक, आणि तीच बाईंना हवी होती. सिन्नर रस्त्याकडच्या खाणींत त्या स्कूटरवर दोन गोण्या बांधून जायच्या आणि फुटके, कुणी विकत न घेणारे तुकडे वेचून आणायच्या. एकदा एका व्यापाऱ्यानं त्यांचा वेडेपणा ऐकून त्यांना एक अखंड दगड भेट दिला. पीच फळाच्या रंगाचा, पंख्यासारख्या पाकळ्या उमललेला. माझ्या बायकोनं तो पाहिला तेव्हा तिचा हात आपोआप छातीवर गेला. "अल्ला, किती सुंदर आहे!"

बाईंनी त्याच दिवशी तो खलबत्त्यात घालून कुटला. आमच्या समोर. बायको किंचाळलीच.

"शोकेसमध्ये बसून तो काय करणार होता?" बाई कुटता कुटता म्हणाल्या.

दगडाची पूड त्या सौम्य आम्लात भिजवायच्या, धुवायच्या, चिकणमातीत मळायच्या आणि बोटांनी छोट्या छोट्या गोळ्या तोडून गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घालायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सांडगे घातलेत. त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले एक अबोल गृहस्थ, हातात काठी घेऊन राखणीला बसलेले असायचे. मी एकदा म्हणालो, "साहेब, दगडाच्या गोळ्या आहेत, राखण कशाला?" ते म्हणाले, "कावळ्यांना माहीत नाही ना." एवढंच त्यांचं बोलणं मला आठवतं.

बहुतेक दगड तापवल्यावर कामातून जायचे. बाई वहीत लिहायच्या आणि पुढचा घ्यायच्या. अडीच वर्षांनी एक मिश्रण टिकलं. त्या दुपारी पाइपाच्या टोकातून पहिल्यांदा मधाच्या रंगाचं पातळ तेल थेंबथेंब पडलं, तेही आधीपेक्षा कमी तापवून. मी आनंदानं ओरडलो, "बाई, पेट्रोल!" त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला.

"पेट्रोल म्हणायचं नाही. तेल म्हणा. जे तपासलेलं नाही त्याला मोठं नाव द्यायचं नाही."

माझ्याकडे भंगारात घेतलेलं एक जुनं डिझेल इंजिन होतं. त्यात ते तेल घातलं. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. बाई त्याच्यासमोर मोडक्या स्टुलावर तासभर बसून राहिल्या. रस्त्यावरच्या घाणीवर चाललेल्या इंजिनाचा आवाज त्या अशा ऐकत होत्या, जशी एखादी आई पोराचं पाठांतर ऐकते.

त्यांचा तऱ्हेवाईकपणा लोकांना सहन व्हायचा नाही, आणि मला लोकांचा राग यायचा नाही. एक प्रसंग सांगतो. त्यांचे यजमान गेले. तेराव्याच्या जेवणाला मी गेलो होतो. पंगत उठली, आणि बघतो तर बाई हात धुण्याच्या जागेपाशी तीन गोण्या घेऊन उभ्या. "बाटली इकडे, झाकण तिकडे. थर्माकोलची वाटी पुसून द्या." नातेवाईक त्यांच्याकडे बघत होते, एकमेकांकडे बघत होते. एक वयस्कर बाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, आज तरी!" बाईंनी त्यांच्या हातातली बाटली घेऊन गोणीत टाकली. मीही हबकलो होतो. नवरा जाऊन तेरा दिवस झालेत आणि ही बाई झाकणं मोजतेय, असं माझ्याही मनात आलं.

सगळे पांगल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, खच्चून भरलेली.

"ह्यांची शेवटच्या वर्षाची औषधं," त्या म्हणाल्या. "सगळी पाकिटं पीव्हीसीची, वर ॲल्युमिनियम. मिस्त्री, यांचं काहीच करता येत नाही हो."

त्यांनी झाकण दाबून डबा परत कपाटात ठेवला. मी खाली मान घालून उभा राहिलो. मघाशी मनात जे आलं होतं त्याची लाज वाटली.

यजमान गेल्यावर वर्षभरानं त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. शहराबाहेर त्याची शेड होती, पैसा होता. तो बाईंच्या पाया पडला, आणि ते खोटं नव्हतं. तो म्हणाला, "बाई, तुमचं काम मोठं करू या." त्यानं प्लॅस्टिकपासून तेल काढायचा कारखाना उभा केला. नकाशे बाईंचे, लोखंडाचं सगळं काम माझं. बाईंनी दोनच अटी घातल्या. दगडाच्या गोळ्या वापरायच्याच, आणि पीव्हीसी आत जाऊ द्यायचं नाही. तरीही चुकून गेलंच तर आम्लाचा वायू अडवायला कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची एक टाकी लावली. बाहेर जाणारा सगळा वायू त्या पाण्यातून धुऊनच जाणार. बाई तिला न्हाणी म्हणायच्या.

माल निवडायला सात बायका ठेवल्या. त्यांना बाईंनी स्वतः शिकवलं. त्यांतली मंदाबाई सगळ्यांत हुशार. इगतपुरीकडची, चाळिशीची, भाताचं थोडं रान होतं, पण कामासाठी नाशकात खोली करून राहायची. तिला तांब्याची तार लागायची नाही. पिशवी मुठीत चुरगाळून आवाजावरून सांगायची, ही चालंल, ही नाय. बाई म्हणायच्या, "माझी नोकरी गेली बघा."

उद्घाटनाला बाईंचा सत्कार झाला. भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी लागली. त्यानंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि जवळजवळ वर्षभर त्या तिकडे फिरकल्या नाहीत.

आता जे लिहितोय ते आजवर मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

मालकाला, म्हणजे बाईंच्या त्या विद्यार्थ्याला, निवडलेला माल पुरेनासा झाला. तो मिसळलेला कचरा घेऊ लागला. दगडाच्या गोळ्या वापरून वापरून काजळीनं काळ्या पडतात, त्या पुन्हा भाजाव्या लागतात, त्यात दिवस जातो. म्हणून गोळ्या बंद झाल्या. जास्त तापवायचं, जे घट्ट काळं निघेल ते भट्ट्यांसाठी विकायचं. पीव्हीसी आत जाऊ लागलं, तशी न्हाणी सारखी तुंबायला लागली आणि काम थांबायला लागलं. एक दिवस मालकानं मला फोन केला. "मिस्त्री, न्हाणीला बाजूनं एक पाइप काढून द्या, व्हॉल्व्ह लावून. फक्त सफाईच्या वेळी उघडू."

मी एका रविवारी गेलो आणि दोन तासांत तो पाइप बसवला. न्हाणीला वळसा घालून, शेडच्या पत्र्यावरून, थेट बाहेर. त्याचं तोंड निवडायच्या जागेच्या वर येत होतं. पुढे मी सगळ्यांना सांगितलं की मला माहीत नव्हतं तो कशासाठी आहे. मला माहीत होतं. व्हॉल्व्हचं हँडल लावतानाच मला माहीत होतं की हा आता कधी बंद होणार नाही. पण मालक माझं मोठं गिऱ्हाईक होता, आणि मी स्वतःला म्हणालो, आपण फक्त लोखंड जोडतो.

फेब्रुवारीत बाई काठी टेकत वर्कशॉपमध्ये आल्या. "चला मिस्त्री, आपला कारखाना बघून येऊ. न कळवता जायचं."

मी कामाचं निमित्त सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बसते, संपवा." माझा नाइलाज झाला.

कारखान्याच्या फाटकाशीच त्या थांबल्या. नाक वर केलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, म्हणून सांगतो, तो चेहरा एका क्षणात म्हातारा झाला. त्या आत गेल्या. निवडणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून बसल्या होत्या. मंदाबाई बाईंना बघून उठली आणि बोलायच्या आधी बराच वेळ खोकली.

"घसा लय जळतो, बाई. साहेब म्हणतो सवय व्हईल."

बाईंनी पिशवीतून अमोनियाची छोटी बाटली काढली आणि एका काडीला कापूस गुंडाळून त्यात बुडवला. मला त्यांनी हे कधीतरी शिकवलं होतं. हवेत पीव्हीसीतून निघणारं ते आम्ल असेल तर अमोनियाजवळ पांढरा धूर उठतो. त्या काडी समोर धरून पाइपापाइपानं चालू लागल्या. एका हातात काठी, एका हातात काडी. न्हाणीजवळ थोडा धूर. भिंतीजवळ जास्त. आणि मी बसवलेल्या व्हॉल्व्हपाशी त्या काडीतून उदबत्तीच्या पुड्याला आग लागावी तसा पांढरा लोट उठला.

बाई वाकल्या. व्हॉल्व्हच्या जोडावर बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे खवले तुमचे आहेत."

सहीवरून माणूस ओळखावा तसं त्यांनी मला ओळखलं होतं.

"कधी बसवलंत?"

"दिवाळीच्या आधी."

त्या मंदाबाईकडे वळल्या. "खोकला कधीपासून आहे गं?"

"दिवाळीपासूनच की."

मालक ऑफिसातून धावत आला, "बाई, बाई, कळवायचं तरी," म्हणत वाकला. बाईंनी पाय मागे घेतले. तो म्हणाला, एक घाणा चालू आहे, तो संपला की बघू. बाईंनी मंदाबाईची बसायची गोणी उचलली, माल आत टाकायच्या तोंडासमोर टाकली आणि ऑपरेशनचा गुडघा घेऊन त्यावर बसल्या. "माझ्या अंगावरून टाका," म्हणाल्या. त्या दिवशी पुढचा माल आत गेला नाही.

तक्रार त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिली. दोषी म्हणून पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. खाली कारण: "सत्कार घेऊन घरी बसले. वर्षभर पाहायला गेले नाही."

तपासणीला अधिकारी आले तेव्हा आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. त्यांनी पाइप बघून विचारलं, हे कुणी केलं? मालकानं बाईंचे नकाशे पुढे केले आणि म्हणाला, "सगळं बाईंच्या डिझाइनप्रमाणे आहे. त्यांनाच विचारा." ज्यांच्या पाया पडला, त्यांच्यावरच त्यानं ढकललं! मी सुन्न झालो. पण बोललो का? नाही. मी बुटांकडे बघत होतो. एवढा विश्वास मात्र होता की बाई मला सांभाळून घेतील. इतक्या वर्षांचा संबंध. त्या स्वतःवर घेतील, असंच मी धरून चाललो होतो. म्हणजे किती खाली गेलो होतो मी.

बाई म्हणाल्या, "नकाशात हा पाइप नाही." आणि मग त्यांनी माझं नाव घेतलं. मिस्त्री नाही. माझं पूर्ण नाव, अब्बांच्या नावासकट, आडनावासकट. "हा त्यांनी बसवलाय. विचारा त्यांना."

क्षणभर मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत. मग सगळ्यांच्या नजरा फिरल्या. मी "हो" म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. अधिकाऱ्यांनी तो पाइप तिथंच काढायला सांगितला. मी शिडी लावून वर चढलो आणि माझाच जोड ग्राइंडरनं कापला. ठिणग्या उडत होत्या आणि बाई खाली उभ्या राहून शेवटपर्यंत बघत होत्या.

मी त्यांना माफ केलं नाही. वसाहतीत बातमी पसरली आणि दोन कारखान्यांनी काम द्यायचं बंद केलं. बायको म्हणायची, "त्यांनी नाव घेतलं नसतं तर काय बिघडलं असतं?" मलाही तेच वाटायचं. इकडे कारखाना चार महिने बंद राहिला. मग गोळ्या परत सुरू करायच्या, पीव्हीसी बाहेर, न्हाणी नवी, अशा अटींवर चालू झाला. बाई दर मंगळवारी न कळवता अमोनियाची बाटली घेऊन जायला लागल्या. मालक आता त्यांना बघून उठून उभा राहायचा, पण पाया पडायचा नाही.

पावसाळा सरल्यावर त्या वर्कशॉपमध्ये आल्या. मी स्टूल पुढे केलं नाही.

"राग आहे?"

"आहे."

"असू द्या. मलाही आहे." त्या उभ्याच राहिल्या. "मंदाबाई गावी गेलीय. तिला डॉक्टरांकडे मीच नेत होते. फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत म्हणाले. मी उद्या तिच्याकडे जातेय. तुम्ही चला."

"मी येऊन काय करू?"

"अधिकाऱ्यांसमोर जे म्हणालात ते तिच्यासमोर म्हणा. तिथं तुम्ही मी सांगितल्यावर म्हणालात. तिच्यापुढे आपण होऊन म्हणा."

का गेलो, सांगता येणार नाही. न जाणं जमलं नाही एवढंच. इगतपुरीला उतरून आम्ही रिक्षानं तिच्या गावी गेलो. भात कापणीला आला होता. मंदाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात सूप. पूर्वीच्या निम्मी झाली होती. बाईंना बघून हसली, पण उठली नाही. मी घसा साफ केला. वाटेत ठरवलेली सगळी वाक्यं गेली.

"ताई, न्हाणीला चुकवून काढलेला तो पाइप मी बसवला होता."

ती तांदूळ निवडत राहिली. "माहीत हाय मला."

मला वाटलं बाईंनी सांगितलं असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही.

"त्या रविवारी मी आले व्हते माल उतरवायला," मंदाबाई म्हणाली. "तुम्ही पत्र्यावर चढले व्हते. ऊन लय व्हतं. खाली उतरले तवा चहा मीच दिला तुम्हाला. तुमच्या ध्यानात नाय."

खरंच ध्यानात नव्हतं. मी खूप आठवायचा प्रयत्न केला. पाइप आठवत होता, व्हॉल्व्ह आठवत होता, कप देणारा हात आठवत नव्हता.

"मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस?" बाई म्हणाल्या. "जेव्हा जळायला लागलं तेव्हा तरी? माझा नंबर होता तुझ्याकडे."

मंदाबाईनं सूप बाजूला ठेवलं. तिला पुरता दम घ्यायला वेळ लागला. "काय सांगू? मला वाटलं, बाईंचा कारखाना, बाईंचे मिस्त्री. पाइप चांगल्यासाठीच बसवला असंल. मला सोसंना, हा माझ्याच छातीचा दोष."

प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणाऱ्या, तेराव्यालाही न डगमगलेल्या बाई ओटीच्या पायरीवर खाली बसल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, परत काढला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. माझीही गत तीच होती.

मंदाबाई आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"रडू नका आता," ती म्हणाली. "मला उठून पाणी द्यायला लागंल, अन् मला उठवत नाय."